परीक्षेत ५० पैकी ४४, आणि फोटो मात्र अपलोड होईना

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मामा, हा फॉर्म फोटोच घेत नाहीये. दुपारपासून करतेय. उद्या शेवटची तारीख आहे." बँकेच्या भरतीचा ऑनलाइन फॉर्म होता. फोटो २० ते ५० केबीचा हवा, सही १० ते २० केबीची, दोन्ही जेपीजी. तिने मोबाईलवर काढलेला फोटो निवडला की लाल अक्षरांत एक इंग्रजी ओळ यायची आणि फोटोची चौकट पुन्हा रिकामी व्हायची.

हीच मुलगी तीन महिन्यांपूर्वी संगणक साक्षरतेच्या परीक्षेत ५० पैकी ४४ गुण घेऊन पास झाली होती. आमच्याकडे पेढे आले होते. मी फोनवरच म्हटलं, "तुझा फोटो केवढा आहे ते बघ बरं." तिने पाहिलं. ३.२ एमबी. "आणि एक एमबी म्हणजे किती केबी?" उत्तर तोंडावरच होतं, "१०२४." मग दोन-तीन सेकंद काहीच नाही. आणि मग हळूच, "अय्या, म्हणजे माझा फोटो तीन हजार केबीच्या वर आहे?"

ते दोन-तीन सेकंद माझ्या डोक्यातून जात नाहीत. उत्तर तिला पाठ होतं. ते कशासाठी लागतं, हे मात्र तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागतं. केंद्र सरकारच्या नायलिट या संस्थेची सीसीसी ही संगणकाची प्राथमिक परीक्षा ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांची. २०१७ साली सुरू झालेल्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचं उद्दिष्ट सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या एकेका माणसाला साक्षर करण्याचं होतं. म्हणजे संगणक येतो की नाही हे कुणीतरी मोजतं, आणि त्या मोजमापावर नोकरी, बढती, पगारवाढ ठरते. मग मोजण्याची पट्टी सरळ आहे का, हे बघायलाच हवं. अशा परीक्षांच्या नावाने झेरॉक्सच्या दुकानांत आणि व्हॉट्सॲपवर जे सराव प्रश्नसंच फिरतात, ते मी गेली काही वर्षं मुलांबरोबर बसून सोडवतो आहे. पुढचे नमुने त्या जातीचे आहेत.

## एक केबी म्हणजे किती बाइट?

केबी म्हणजे किलोबाइट, आणि बाइट हे संगणकातली माहिती मोजायचं लहान माप. पर्याय असे: १०००, १०२४, १००, १०. उत्तरपत्रिकेत १०२४ वर खूण. सोपा प्रश्न वाटतो ना?

किलोमीटर म्हणजे १००० मीटर, किलोग्रॅम म्हणजे १००० ग्रॅम. 'किलो' म्हणजे हजार, हे शाळेत शिकलेलं. संगणक मात्र दोनाच्या पटीत मोजतो: एकापासून सुरू करून दोन, चार, आठ असं दहा वेळा दुप्पट करत गेलं की १०२४ येतात. हजाराच्या जवळचा आकडा, म्हणून जुन्या अभियंत्यांनी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. एकाच शब्दाचे दोन अर्थ झाल्यावर घोटाळा व्हायचाच. म्हणून १९९८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या आयईसी या संस्थेने १०२४ बाइटसाठी 'किबीबाइट' असं वेगळं नाव काढलं आणि किलोबाइट १००० साठी राखून ठेवलं. हे नाव दुकानात आणि बोलण्यात रुळलं नाही, ते सोडा. पण मानकाप्रमाणे पाहिलं तर त्या प्रश्नाचं उत्तर १००० आहे, आणि वर्गातल्या वहिवाटीप्रमाणे १०२४.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. ५०० जीबीची हार्ड डिस्क घरी आणून विंडोजमध्ये पाहिली की ४६५ जीबी दिसतात. माणसं दुकानदाराशी भांडायला जातात. कंपनीने हजाराच्या हिशेबाने मोजलेलं असतं, विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं. जागा तेवढीच, फूटपट्ट्या दोन. 'नवीन डिस्कवर ५०० ऐवजी ४६५ का दिसतात?' असा प्रश्न विचारला तर तो समजून घेतल्याशिवाय सुटत नाही. 'एक केबी म्हणजे किती?' याला समजून घ्यावं लागत नाही, आणि ज्याने समजून घेतलं तो उलट अडकतो.

## जास्त कळणाराच अडखळतो

माझी खरी तक्रार इथे आहे. "प्रश्न थोडा इकडेतिकडे असला तरी अभ्यास केलेल्याला उत्तर येतंच," असं लोक म्हणतात. ढिसाळ शब्दांच्या प्रश्नात नेमकं उलटं होतं.

'टचस्क्रीन हे कोणत्या प्रकारचं उपकरण आहे?' पर्याय: इनपुट, आउटपुट. ज्याने नोट्स पाठ केल्या तो 'इनपुट' लिहून पुढे जातो. ज्याने विचार केला तो थांबतो, कारण पडद्यावर बोट लावून आपण संगणकाला सांगतो आणि त्याच पडद्यावर संगणक आपल्याला दाखवतो. दोन्ही खरं आहे.

'फाईल काढून टाकण्यासाठी कोणती कळ वापरतात?' डिलीट की शिफ्टसह डिलीट? पहिलीने फाईल रिसायकल बिनमध्ये जाते, म्हणजे घरातली रद्दी माळ्यावर टाकल्यासारखी. दुसरीने ती थेट जाते, बिनमध्ये सापडत नाही. 'काढून टाकणं' म्हणजे यातलं काय? प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते ओळखायचं.

'जगातला पहिला संगणक कोणता?' उत्तरपत्रिकेत एनिॲक. पण १९४६ साली लोकांसमोर आलेल्या एनिॲकच्या आधी, १९४१ मध्ये, जर्मनीत झेड-थ्री चालू झाला होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कोलोसस सांकेतिक संदेश फोडत होता. अमेरिकेतल्या एका न्यायालयाने तर १९७३ साली एनिॲकचं पेटंटच रद्द केलं, कारण त्यामागच्या मूळ कल्पना आधीच्या एका यंत्रातून आल्या होत्या असं न्यायालयाला दिसलं. 'पहिला' कशाच्या बाबतीत पहिला, हे ठरवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

आणि मग तो आपल्याकडचा लाडका प्रश्न: 'कॉम्प्युटरचा फुल फॉर्म काय?' 'कॉमन ऑपरेटिंग मशीन...' अशी लांबलचक ओळ हजारो मुलांनी घोकली आहे. कॉम्प्युटर हा अक्षरं जोडून केलेला शब्द नाहीच. हिशेब करणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून तो आला, सतराव्या शतकापासून आहे, आणि यंत्रं येईपर्यंत तो हिशेब करणाऱ्या माणसांसाठी वापरला जायचा. आपला 'संगणक' शब्द गणनेवरूनच घडलेला आहे, म्हणजे मराठी शब्द अर्थाला धरून आणि प्रश्नसंच अर्थ सोडून. 'व्हायरस'चा जो फुल फॉर्म शिकवतात त्याचीही हीच गत. जी गोष्ट खरीच नाही तिच्यावर गुण देणं, हे मला मुलांवरचा अन्याय वाटतो.

परीक्षाशास्त्रात 'वैधता' म्हणून एक कल्पना आहे: जे मोजतो म्हणतो, तेच परीक्षा मोजते का? तापमापकाने वजन करायला गेलो तर आकडा येईल, पण तो वजनाचा नसेल. वरच्या प्रश्नांत मोजलं जातं ते एवढंच, की समोरच्याने अमुक नोट्स वाचल्या आहेत का.

## पास होण्यासाठी किती यावं लागतं?

थोडा हिशेब करू. ५० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पास व्हायला २०, चुकीला गुण कापत नाहीत. एखाद्याला फक्त १० प्रश्नांची उत्तरं खरोखर येतात. उरलेल्या ४० वर डोळे मिटून खूण केली तर सरासरीने चारातलं एक, म्हणजे १० बरोबर येतात. दहा आणि दहा वीस. पाचातला एक भाग येणारा माणूस साधारण निम्म्या वेळा पास होईल.

त्यात पर्याय जर 'सीपीयू, माऊस, टेबल, पंखा' असे असतील तर चारांचे दोनच राहतात. अनेकदा सर्वांत लांब आणि काळजीपूर्वक लिहिलेला पर्याय बरोबर असतो, कारण प्रश्न काढणाऱ्याने तेवढ्याच एका पर्यायावर मेहनत घेतलेली असते. आणि 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय दहा प्रश्नांपैकी दोनच प्रश्नांत असेल तर तिथे तेच उत्तर, हे क्लासमधली मुलं पहिल्या आठवड्यात शिकतात. हुशारी आहेच ती, पण ती वेगळ्या कामाची.

## अडचण अवघड कशामुळे होते?

आता भाचीच्या फोटोकडे येऊ. त्या दोन तासांत आम्ही काय काय केलं ते सांगतो, कारण 'प्रॉब्लेम सोडवणं' हा शब्द फार वापरला जातो आणि त्याच्या आत काय असतं ते कुणी दाखवत नाही.

आधी ती लाल ओळ वाचायची होती. दुपारपासून ती ओळ दिसत होती, पण इंग्रजी आणि लाल, म्हणजे 'काहीतरी चुकलं' एवढंच घेऊन ती पुन्हा तोच फोटो लावत होती. ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की फाईल मर्यादेपेक्षा मोठी आहे. मग फोटो लहान कसा करायचा? तिने स्वतःच शोध लावला: व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला, कारण तिथे फोटो आकसतात हे तिने पाहिलं होतं. ३.२ एमबीचा १६० केबी झाला. कुठल्याही क्लासमध्ये न शिकवलेली युक्ती, आणि मला तिचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. पण १६० म्हणजे अजूनही तिप्पट. मग लॅपटॉपवर पेंटमध्ये उघडला, आकार कमी केला, तर रुंदी आणि उंचीचं प्रमाण सुटून चेहरा चपटा झाला. मागे गेलो. आधी आजूबाजूची भिंत कापली, मग प्रमाण राखून लहान केला. फाईल झाली १४ केबी. फॉर्मने पुन्हा नाकारली, कारण २० पेक्षा कमी! ही खालची मर्यादा आम्हा दोघांच्याही लक्षात राहिली नव्हती. थोडा मोठा करून ३१ केबी केला, तेव्हा फोटो चौकटीत बसला.

यातली एकही पायरी अवघड नाही. प्रत्येकीवर चार पर्यायांचा प्रश्न काढला असता तर तिने सगळे सोडवले असते. अवघड होतं ते असं, की कोणत्या पायऱ्या लागतील हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं, मधल्या एका पायरीने नवीनच अडचण उभी केली, आणि आपण योग्य दिशेने चाललोय का हे दर वेळी आपणच तपासायचं होतं.

प्रगत देशांच्या ओईसीडी या संघटनेने नेमकं हेच मोजायचा प्रयत्न केला. २०११ ते २०१५ या काळात ३३ देशांतल्या १६ ते ६५ वयाच्या दोन लाखांहून जास्त लोकांना संगणकावरची कामं करायला दिली. भारत त्यात नव्हता. सोप्या पातळीवरचं काम म्हणजे, उदाहरणार्थ, एका माणसाची सगळी ईमेल शोधा. वरच्या पातळीवरचं एक काम असं: वेगवेगळ्या ईमेलमधून आलेल्या मागण्या वाचून बैठकीच्या खोल्यांचं आरक्षण करा, त्यातली एक मागणी बसतच नाही, तर तिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. निकाल असा की सरासरी ५ टक्के लोकच वरच्या पातळीला पोचले. मधल्या पातळीवर २६ टक्के, सोप्या पातळीवर २९ टक्के, आणि १४ टक्के त्याही खाली. उरलेल्या साधारण चौथ्या भागाला संगणकावरची चाचणी देता आली नाही किंवा त्यांनी ती दिली नाही.

ज्या देशांत घरोघरी संगणक येऊन कितीतरी वर्षं झाली, त्यांचे हे आकडे. भाची दुपारपासून अडकली होती यात तिचा कमीपणा काही नाही. हे काम जगभरातल्या माणसांना जड जातं, आणि म्हणून ते शिकवावं लागतं.

आरटीओचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. लर्निंग लायसन्ससाठी संगणकावर चिन्हं ओळखायची, पर्याय निवडायचे. ते झालं की कुणी पक्कं लायसन्स हातात देत नाही. गाडीवर बसून, पाय न टेकवता आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. संगणकाच्या बाबतीत कितीतरी ठिकाणी आपण लर्निंगवरच पक्कं लायसन्स देऊन मोकळे होतो.

## इंग्लंडमधल्या सोळा हजार नोंदी

'एक्सेलच्या एका शीटमध्ये किती ओळी असतात?' हाही प्रश्नसंचातला जुना पाहुणा. एक्सेल २००३ पर्यंत उत्तर ६५,५३६. एक्सेल २००७ पासून १०,४८,५७६. प्रश्नात आवृत्ती लिहिलेली नसते आणि पर्यायांत कधीकधी दोन्ही आकडे असतात. 'एडिट मेनूमध्ये कोणता पर्याय नसतो?' या प्रश्नाचं तर २००७ साली मेनूंच्या जागी रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आल्यावर प्रयोजनच संपलं, तरी तो झेरॉक्समधून झेरॉक्समध्ये चालूच आहे.

पण ओळींचा आकडा निरुपयोगी आहे असं समजू नका. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या लक्षात आलं की कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले आहेत. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या लांबलचक फाईली एक्सेलच्या जुन्या, ६५ हजार ओळींच्या साच्यात ओतल्या जात होत्या. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी. साचा भरला की पुढचं सगळं गळून जायचं. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला त्यामुळे उशीर झाला.

तिथे ६५,५३६ हा आकडा कुणाला पाठ नसता तरी चाललं असतं. हवा होता तो एक संशय: 'फाईलमध्ये जेवढ्या नोंदी आल्या तेवढ्याच शीटमध्ये उतरल्या का?' किराणा आणल्यावर यादीशी ताडून बघतो, तेवढंच. आता या संशयावर प्रश्न काढून बघू:

'आरोग्य केंद्रातून ७०,००० ओळींची फाईल आली. तुम्ही ती जुन्या एक्सेल साच्यात उघडली आणि शेवटची ओळ ६५,५३६ वी दिसते. पुढे काय कराल?' पर्याय: काम पूर्ण झालं असं कळवाल; मूळ फाईलमधल्या नोंदींची संख्या पाहून राहिलेल्या नोंदींसाठी साचा बदलाल; संगणक बंद करून चालू कराल; शेवटच्या ओळीपासून पुढे हाताने रिकाम्या ओळी वाढवाल.

हाही चार पर्यायांचाच प्रश्न. आकडा प्रश्नातच देऊन टाकला आहे, तरी विचार केल्याशिवाय सुटत नाही.

## "पण पाढे पाठ करतोच की आपण!"

हा आक्षेप रास्त आहे. पाठांतराला नावं ठेवण्याची फॅशन मला पटत नाही. सात आठे छप्पन्न तोंडावर असलेली बाई भाजीवाल्याचा हिशेब उभ्याउभ्या तपासते. माहिती नसेल तर विचार कशाचा करणार? १०२४ भाचीला पाठ नसता तर त्या रात्री तिला ३.२ एमबी आणि ५० केबी यांची तुलना मला आणखी दहा मिनिटं समजावावी लागली असती.

पण पाढ्यांबरोबर शाळेत शाब्दिक उदाहरणंही असतात. 'रामूने सात डझन केळी आणली...' तिथे कुठला पाढा वापरायचा ते आपण ठरवतो. संगणकाच्या शिकवण्यांत पाढे राहिले आणि उदाहरणं गळाली.

शिवाय एकच वाट घोकण्याचा एक तोटा प्रयोगाने दाखवलेला आहे. १९४२ साली अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांना भांड्यांची कोडी घातली. समजा तीन कळशा आहेत: २१, १२७ आणि ३ मापांच्या. १०० मापं पाणी मोजून द्या. १२७ ची भरायची, तिच्यातून २१ ची एकदा आणि ३ ची दोनदा भरून घ्यायची, राहिलं १००. याच रीतीने सुटणारी कोडी एकामागोमाग दिली. मग दिल्या २३, ४९ आणि ३ मापांच्या कळशा, आणि मागितली २० मापं. २३ मधून ३ काढले की झालं! पण आधीच्या कोड्यांवर हात बसलेल्या बऱ्याच जणांनी ४९ ची कळशी भरली, त्यातून २३ काढले, मग दोनदा ३ काढले. उत्तर बरोबर, वाट लांबची. ज्यांनी आधीची कोडी सोडवली नव्हती त्यांना सोपी वाट सहज दिसली.

'फाईलवर जा, सेव्ह ॲजवर क्लिक करा, मग...' असं वहीत लिहून घेतलेली मुलं नवीन आवृत्तीसमोर बसली की असंच होतं. बटण डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात गेलेलं असतं, आणि वही डावीकडेच बघायला सांगत असते.

## "लाखो लोकांची परीक्षा दुसरी कशी घेणार?"

प्रत्येकाला संगणकापुढे बसवून, शेजारी परीक्षक उभा करून परीक्षा घेणं परवडणार नाही, हे मान्य. पर्यायी प्रश्न लवकर तपासून होतात, तपासणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही, गाव आणि शहर यांना एकच प्रश्नपत्रिका देता येते. मी पर्यायी प्रश्नांच्या विरोधात नाही. आरोग्य केंद्राचा प्रश्न मी तसाच काढला.

प्रश्न चांगला आहे का हे तपासायच्या दोन रीती मात्र कुणालाही जमण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, परीक्षेआधी सात-आठ जणांना तो प्रश्न देऊन 'मोठ्याने बोलत सोडव' म्हणायचं. कुणी म्हणतं, "टचस्क्रीन... दोन्ही आहे, पण नोट्समध्ये इनपुट लिहिलंय, तेच लिहितो." एवढं ऐकलं की प्रश्न बाद. दुसरी रीत परीक्षेनंतरची. एकूण गुणांत वरचे पाव लोक घ्या, खालचे पाव लोक घ्या आणि प्रत्येक प्रश्न कुणाला किती आला ते बघा. चांगला प्रश्न वरच्यांना जास्त येतो. एखादा प्रश्न वरच्यांनाच जास्त चुकत असेल तर दोष बहुधा प्रश्नात किंवा उत्तरपत्रिकेत असतो. संगणकावर घेतलेल्या परीक्षेत ही सगळी माहिती आपोआप जमा होते. ती उघडून बघायला एक दुपार पुरते.

## मराठीत प्रश्न, पण कुणाच्या मराठीत?

एका बचत गटाच्या सचिव ताईंना मी सराव चाचणी सोडवताना पाहिलं. रोज मोबाईलवरून बँकेचे व्यवहार करणारी, गटाचा हिशेब शीटमध्ये ठेवणारी बाई. प्रश्न होता, 'संचयिका गवाक्षातील धारिकेचे पुनर्नामकरण करण्यासाठी कोणती आज्ञा कार्यान्वित कराल?' त्यांनी तो तीनदा वाचला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दादा, हे कशाबद्दल आहे?" मी म्हटलं, "फाईलचं नाव बदलायचंय." "मग तसं विचारा ना! रिनेम करायचं." आणि हसल्या, पण पुढच्या प्रश्नाला त्यांचा हात आधीपेक्षा सावकाश गेला.

मराठीत प्रश्न हवेतच, यात मला शंका नाही. पण काम करताना माणसं फाईल, फोल्डर, पासवर्ड, रिनेम म्हणतात. घडवलेल्या परिभाषेला शासनव्यवहारात जागा आहे. संगणक येतो का हे बघताना मात्र प्रश्न हाताला ओळखीच्या शब्दांत असावा, नाहीतर ती भाषेची परीक्षा होते आणि निकालावर नाव संगणकाचं लागतं. नकारांचंही तेच. 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही असे म्हणता येणार नाही?' अशा वाक्यात वकीलसुद्धा अडकेल.

## ओटीपीचा फुल फॉर्म

मला सगळ्यात जास्त काळजी या भागाची वाटते. 'ओटीपी म्हणजे काय?' 'वन टाइम पासवर्ड' वर खूण, एक गुण. आता दुसरा प्रश्न बघा:

'तुम्ही जुनं कपाट विकायची जाहिरात दिली. एकाने फोन केला, "लगेच पाच हजार पाठवतो, मी धाडलेला क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." तुम्ही काय कराल?'

यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे एक वाक्य ज्याला कळलं तो वाचतो, आणि ते ओळखायचं असतं समोरचा माणूस गोड बोलत घाई करत असताना. त्या क्षणी पर्याय अ, ब, क, ड दिसत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा, हेही किती प्रमाणपत्रधारकांना ठाऊक असेल? फुल फॉर्म सगळ्यांना पाठ असतात.

म्हणून मी आता मुलांना सराव देताना प्रश्नसंच बाजूला ठेवतो आणि घडलेल्या अडचणी देतो. 'वीजबिल भरलं, पैसे कापले गेले, पावती आली नाही.' 'आजीच्या फोनमध्ये जागा भरली, फोटो तर घालवायचे नाहीत.' सुरुवातीला मुलं वैतागतात, कारण उत्तर मी सांगत नाही आणि कधीकधी एकच उत्तर नसतंही. अर्ध्या तासाने एखादी मुलगी म्हणते, "सर, आधी हे बघायला पाहिजे ना, की पैसे खरंच गेलेत का?" तिथून वर्ग चालू लागतो.

त्या रात्री फोटो बसल्यावर सही राहिली होती. साडेअकरा वाजून गेले होते. भाची म्हणाली, "मामा, तू फोन ठेव, मी करते." दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला: 'आधी १० ते २० वाचलं. मग केलं. १७ केबी. गेली.'